अनुमान, विलंब आणि जुळवणी : सौरपंपाच्या परिवर्तकाच्या अनुमानी नियंत्रणासंबंधी काही विचार

१. विषयप्रवेश

बोलीच्या नमुन्यांची नोंद घेण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी गेलो असता एका शेतकऱ्याच्या तोंडून पुढील वाक्य ऐकावयास मिळाले : “ढग आला का पंप दम टाकते, सर, मंग ऊन आलं तरी लवकर उठत नाई.” पुल्लिंगी कर्त्याबरोबर ‘टाकते’ हे रूप येणे हा वऱ्हाडीचा सुपरिचित विशेष आहे आणि माझ्या वहीत त्याची नोंद त्या दृष्टीनेच झाली. परंतु वाक्यातील आशय मनात घर करून राहिला. पंप दम का टाकतो? आणि ऊन परतल्यावर तो तत्काळ का उठत नाही? या दोन प्रश्नांच्या मागे लागून विद्युत् अभियांत्रिकीतील सहकाऱ्यांशी जी चर्चा झाली व जे वाचन घडले, त्याचे फलित प्रस्तुत लेखात मांडले आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे; तेव्हा यंत्राची बांधणी सांगण्यापेक्षा त्यामागील विचाराची रीत उलगडून दाखविणे एवढाच येथे हेतू आहे.

हा जिल्हा प्रामुख्याने कापसाचा आणि कोरडवाहू शेतीचा. विहिरीला पाणी असले तरी ते वर आणण्यासाठी लागणारी तीन फेजांची वीज शेतीला पाळीपाळीने मिळते, आणि पुष्कळदा ती पाळी रात्रीची असते. रात्री अंधारात ओलिताला जाणे म्हणजे काय, हे येथील वाचकांस सांगावयास नको. या पार्श्वभूमीवर २०१९ साली सुरू झालेली केंद्राची ‘कुसुम’ योजना व २०२४ ची राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे ३, ५ व ७.५ अश्वशक्तीचे सौरपंप शिवारात दिसू लागले. राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. दिवसा पाणी मिळते हा मोठाच लाभ होय. मात्र हे पाणी विजेच्या तारेऐवजी आता सूर्याच्या लहरीवर अवलंबून आहे, आणि सूर्य व मोटर यांच्यामध्ये दुभाषाचे काम करणारी एक पेटी बसलेली असते. लोक तिला ‘कंट्रोलर’ म्हणतात. तिचे अंतरंग म्हणजे शक्ती-इलेक्ट्रॉनिकीतील परिवर्तक होय.

२. परिवर्तक म्हणजे काय?

सौर पॅनेलातून एकदिश विद्युत्प्रवाह मिळतो. मोटरीस तीन फेजांचा प्रत्यावर्ती प्रवाह हवा असतो. या दोहोंतील रूपांतर परिवर्तक करतो. त्यासाठी त्याच्यात सहा इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. ते दोन-दोनच्या तीन जोड्यांत मांडलेले असतात. प्रत्येक जोडीतील वरचा स्विच तरी चालू असतो किंवा खालचा. दोन्ही एकदम चालू झाल्यास पुरवठ्याचे दोन्ही ध्रुव थेट जोडले जातील आणि स्विच जळून जातील. तीन जोड्या व प्रत्येकीच्या दोन स्थिती, अर्थात एकूण आठ स्थिती. परिवर्तकाचे सर्व बोलणे या आठ अक्षरांच्या वर्णमालेत चालते. त्यांपैकी दोन अक्षरे ‘मूक’ आहेत, कारण त्या स्थितींत मोटरीवर पडणारा दाब शून्य असतो. हे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि त्या तुटक उच्चारांतून मोटरीच्या वेटोळ्यांत जवळजवळ सलग असा प्रवाह सिद्ध होतो. आज या कामी सर्रास वापरले जाणारे ‘आयजीबीटी’ हे स्विच १९८० नंतरच्या दशकात विकसित झाले; त्यात मूळ मद्रासचे अभियंते बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा आहे.

परिवर्तकाचे महत्त्व पंपापुरते मर्यादित नाही. वर्धा नदीपलीकडील चंद्रपूरहून मुंबईनजीकच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची जी एकदिश दाबाची वाहिनी १९९९ पासून १५०० मेगावॉट वीज वाहून नेण्यासाठी उभी आहे, तिच्या दोन्ही टोकांस परिवर्तकच आहेत. प्रमाण बदलते, तत्त्व तेच राहते.

३. दोन फेरे : संथ आणि द्रुत

पंपाच्या नियंत्रणात दोन निरनिराळ्या गती असतात, आणि त्यांची गल्लत केल्यास काहीच उलगडत नाही. बाहेरचा फेरा संथ असतो. आता ऊन किती आहे, तेवढ्या उन्हात पॅनेलातून जास्तीत जास्त शक्ती कोणत्या दाबावर मिळेल आणि मोटर किती वेगाने फिरवावी, हे तो ठरवितो. त्याचा हिशेब सेकंदांचा. आतला फेरा द्रुत असतो. बाहेरच्या फेऱ्याने मागितलेला प्रवाह मोटरीत प्रत्यक्ष वाहील अशा रीतीने तो स्विच हलवितो. त्याचा हिशेब सेकंदाच्या लाखाव्या भागांचा.

शेतकऱ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाहेरच्या फेऱ्यात आहे. पंपास लागणारी शक्ती ही गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती ८० टक्क्यांवर आणली तर शक्ती सुमारे ५१ टक्केच लागते. म्हणून ढग आल्यावर गती उतरविणे हे शहाणपणाचे असते. न उतरविल्यास मोटर पॅनेलाच्या ऐपतीबाहेर शक्ती ओढू लागते, दाब कोसळतो आणि संरक्षणासाठी पेटी सर्व काही बंद करते. मग ठरवून दिलेला काळ उलटल्याखेरीज ती पुन्हा सुरू होत नाही. ऊन आले तरी पंप ‘लवकर उठत नाही’ याचे एक सामान्य कारण हेच होय.

परंतु गती उतरविण्यासही सीमा आहे. पंप पाणी जितके उंच चढवू शकतो ती उंची गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा, पूर्ण गतीला पंप जास्तीत जास्त ६० मीटर उंच पाणी चढवू शकतो आणि विहिरीतील पातळीपासून वरच्या नळापर्यंतची उंची ४० मीटर आहे. तर गती ८२ टक्क्यांच्या खाली गेली की मोटर फिरत राहील, पण पाणी येणार नाही. उन्हाळ्यात पातळी आणखी १० मीटर खाली गेली तर हीच सीमा ९१ टक्क्यांवर जाते. सारांश, ज्या काळी पाण्याची निकड अधिक, त्याच काळी नियंत्रणास मोकळीक कमी. तेव्हा या पेटीची जुळवणी हा केवळ अभियंत्याच्या हौसेचा विषय नसून हरभऱ्याच्या एका पाण्याचा प्रश्न आहे.

४. भाकीत नव्हे, अनुमान

आतल्या फेऱ्यासाठी जी नवी पद्धती अभ्यासकांत मान्यता पावली आहे तिला इंग्रजी नावाच्या अनुरोधाने ‘प्रेडिक्टिव्ह’ म्हणतात. बाजारातील पंप-नियंत्रकांत सर्वसाधारणपणे जुन्या, चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती करणाऱ्या पद्धतीच आढळतात. नवी पद्धती मुख्यतः प्रयोगशाळांत व मोठ्या क्षमतेच्या यंत्रांत रुजली आहे. तिची कल्पना प्रथम रासायनिक व तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत १९७० नंतरच्या दशकात पुढे आली. तेथील प्रक्रिया मंद असल्याने गणितास मिनिटे मिळत. परिवर्तकाच्या बाबतीत जर्मनीतील योआखिम होल्ट्झ यांनी १९८३ च्या सुमारास या दिशेने काम केले. पुढे स्वस्त व वेगवान संगणन-चिप उपलब्ध झाल्यावर चिलीमधील होजे रॉद्रिगेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर ती पद्धती सुगम व लोकप्रिय केली.

या संज्ञेस मराठीत काय म्हणावे? ‘भाकीत’ हा शब्द चटकन सुचतो, पण त्यास ज्योतिषाचा वास आहे. ‘अंदाज’ हा हवामानखात्याने रूढ केलेला शब्द सोपा खरा. तथापि त्यात सैलपणा आहे. मला न्यायशास्त्रातील ‘अनुमान’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. धूर पाहून अग्नीचा बोध होतो तो व्याप्तीच्या बळावर. व्याप्तीचे ज्ञान सदोष असेल तर अनुमानही फसते. येथे तंतोतंत हाच प्रकार आहे. मोजलेला प्रवाह हे लिंग, आणि मोटरीच्या वर्तनाचे गणिती सूत्र ही व्याप्ती. त्यावरून पुढील क्षणीच्या प्रवाहाचे ज्ञान होते. म्हणून ‘अनुमानी नियंत्रण’ ही संज्ञा मी या लेखात वापरीत आहे.

एका उदाहरणाने पद्धती स्पष्ट करू. सोयीसाठी तीन फेजांऐवजी एकच फेज घेऊ आणि परिवर्तक +३००, ० किंवा −३०० व्होल्ट असा तीनच प्रकारचा दाब देऊ शकतो असे मानू. वेटोळ्याचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलास विरोध करण्याचा गुण, १० मिलिहेन्री. रोध १ ओहम. मोटर फिरत असल्याने तिच्यात उत्पन्न होणारा विरोधी दाब १०० व्होल्ट. नियंत्रक दर ५० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदास २०,००० वेळा, निर्णय घेतो. सूत्र असे निघते : पुढचा प्रवाह म्हणजे आताच्या प्रवाहाचा ०.९९५ पट भाग, अधिक (दिलेला दाब वजा १००) यास ०.००५ ने गुणून येणारी संख्या.

आता प्रवाह ८ अँपिअर आहे व ८.५ हवा आहे असे समजा. नियंत्रक तिन्ही पर्याय मनातल्या मनात करून पाहतो. +३०० दिल्यास प्रवाह ८.९६ होईल, ० दिल्यास ७.४६, आणि −३०० दिल्यास ५.९६. चुका अनुक्रमे ०.४६, १.०४ व २.५४. अर्थात +३०० हा पर्याय निवडला जातो. पुढच्या क्षणी ८.९६ पासून पुन्हा तेच : +३०० ने ९.९२, ० ने ८.४२, −३०० ने ६.९२. आता ० ची निवड होते. इतकेच हे तंत्र आहे. प्रत्येक क्षणी सर्व शक्यता पुढे मांडावयाच्या, त्यांतील सर्वोत्तम निवडावयाची आणि पुढच्या क्षणी पुन्हा नव्याने विचार करावयाचा.

वाक्य ऐकताना श्रोताही असेच काहीसे करतो. मीमांसकांनी जिला ‘आकांक्षा’ म्हटले, ती पुढील पदाची अपेक्षाच होय. आलेले पद अपेक्षेशी ताडून तो आपला अर्थ प्रतिक्षणी सुधारीत जातो. साम्य एवढ्यापुरतेच समजावे, कारण श्रोत्याची व्याप्ती कोणी सूत्रात बांधून दिलेली नसते.

५. जुळवणीचे तीन प्रश्न

‘ट्यूनिंग’ हा शब्द अभियंत्यांनी संगीतातून उचलला. आपल्याकडे तंबोरा लावतात, तबला मिळवितात. येथे जुळवावयाचे असते ते अनुमान आणि वस्तुस्थिती यांचे नाते. त्यात तीन गोष्टी मुख्य आहेत.

पहिली विलंब. वरील उदाहरणात मोजमाप, गणित आणि निर्णय हे सारे क्षणार्धात होते असे गृहीत धरले. वस्तुतः गणितास जवळजवळ एक पूर्ण पाऊल, म्हणजे ५० मायक्रोसेकंद लागतात. आठ अँपिअर मोजून घेतलेला निर्णय अंमलात येतो तोवर आधीच्या +३०० मुळे प्रवाह ८.९६ झालेला असतो, आणि शिळ्या मोजमापावर निवडलेला +३०० त्यास ९.९२ वर नेऊन ठेवतो. उपाय सोपा आहे. आता जो दाब लागू आहे त्याने पुढच्या क्षणी प्रवाह किती होईल याचे अनुमान आधी करावयाचे, आणि त्या अनुमित प्रवाहापासून त्यापुढच्या क्षणाची निवड करावयाची. असे केल्यास नियंत्रक ८.९६ जमेस धरून ० निवडतो व प्रवाह ८.४२ वर राहतो. दोन पावले पुढे पाहणे हा येथे चोखंदळपणा नाही. ती किमान गरज आहे.

दुसरी गोष्ट व्याप्तीची सत्यता. यासाठी अनुमानी नियंत्रणाचा दुसरा प्रकार पाहू. यात नियंत्रक पर्यायांतून निवड करीत नाही. एका पावलात चूक पूर्ण पुसली जाईल एवढा दाब तो सूत्राने काढतो. रोध व विरोधी दाब क्षणभर बाजूस ठेवू. इंडक्टन्स खरोखर १० असता नियंत्रकास तो १५ वाटला, तर तो दीडपट दाब देईल. १ अँपिअरची चूक −०.५ होईल, मग ०.२५, आणि अशी आंदोलत शमेल. तो ५ वाटला तर चूक ०.५, ०.२५ अशी एकाच बाजूने सावकाश शमेल. परंतु २० वाटला तर चूक १, −१, १, −१ अशी कायम झुलत राहील, आणि २५ वाटला तर १, −१.५, २.२५ अशी वाढतच जाईल. यावरून व्यवहाराचा एक नियम हाती लागतो : इंडक्टन्सविषयी शंका असेल तर तो कमी धरावा. कमी धरल्याने मंदपणा येतो; खऱ्याच्या दुपटीपलीकडे धरल्याने अनर्थ होतो.

याच प्रकारात विलंब दुर्लक्षिला तर काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. इंडक्टन्स अगदी अचूक माहीत असूनही चूक १, १, ०, −१, −१, ०, १ अशी सहा पावलांच्या चक्रात अखंड फिरत राहते. विलंबाची भरपाई केल्यावर मात्र दुपटीची ती सीमा पूर्ववत् मिळते. व्याप्ती शुद्ध असूनही काळाचे भान चुकले तर अनुमान निष्फळ होते, हे याचे तात्पर्य.

हा मुद्दा आपल्या जिल्ह्यात पुस्तकी नाही. पंपाची मोटर जळली की ती तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. कारागीर कुशल असतो. पण उपलब्ध तारेच्या जाडीनुसार वेटोळ्यांच्या फेऱ्यांत फरक पडू शकतो. इंडक्टन्स हा फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने फेरे १० टक्क्यांनी घटले तर तो सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. मोटर परत येऊन बसते. पेटीतील सूत्र मात्र जुन्याच मोटरीचे असते. त्याचप्रमाणे ढगाखाली एकदिश दाब ३०० चा २४० झाला आणि नियंत्रक ३०० च धरून चालला, तर त्याचे प्रत्येक अनुमान तेवढ्याने चुकते. म्हणून हा दाब प्रत्येक पावलाला मोजूनच सूत्रात घालावा लागतो.

तिसरी गोष्ट भारांक. स्विचच्या प्रत्येक उघडझापीत थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पेटीस ती परवडत नाही. म्हणून निवड करताना केवळ प्रवाहाची चूक न पाहता ‘चूक अधिक भारांक गुणिले हललेल्या जोड्यांची संख्या’ ही बेरीज किमान असावी असा निकष ठेवतात. भारांक किती असावा, हा या शास्त्रातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. आपल्या उदाहरणात प्रवाह ८.९६ असून +३०० चालू आहे. तसेच राहिल्यास चूक १.४२, ० वर गेल्यास चूक ०.०८, पण एक जोडी हलवावी लागते. भारांक १ असेल तर तुलना १.४२ व १.०८ अशी होते आणि स्विच हलतो. भारांक २ केला तर ती १.४२ व २.०८ अशी होते, आणि स्विच जागचा हलत नाही. पुढच्या पावलास चूक २.३७ होते, पण हलल्यास ०.८७ अधिक २, म्हणजे २.८७, पुन्हा तो हलत नाही. किंबहुना तो कधीच हलणार नाही. कारण +३०० व ० यांच्या परिणामांत एका पावलाला १.५ अँपिअरहून अधिक अंतर पडूच शकत नाही, आणि भारांकाने हलण्याची किंमत त्याहून अधिक ठेवली आहे. −३०० साठी अंतर ३ चे, तर किंमत ४ ची. प्रवाह २०० अँपिअरकडे धावत सुटेल आणि तत्पूर्वीच संरक्षण पेटी बंद पाडील. ज्यास काटकसर म्हणून नेमले त्यानेच घर बुडविले, असा हा प्रकार आहे.

निकषात चुकीऐवजी चुकीचा वर्ग घेतला तर ही आपत्ती टळते. भारांक २ च ठेवून पहिल्या पावलास तुलना २.००३ व २.००७ अशी जेमतेम होते व स्विच थांबतो. पण पुढच्या पावलास ५.६० विरुद्ध २.७५ असे होऊन तो हलतोच. मोठी चूक वर्गामुळे मोठ्याने ओरडते. भारांक ठरविण्यापूर्वी एका पावलात प्रवाह जास्तीत जास्त किती बदलू शकतो हे काढून ठेवावे आणि भारांक त्याच्या संदर्भात मोजावा, हा धडा यातून मिळतो.

६. जुळवणीचा क्रम

वरील विवेचनावरून कार्याचा क्रम आपोआप सुचतो. प्रथम मोटर, तिची केबल व दाब यांची प्रत्यक्ष मापे घ्यावीत. पाटीवरील आकड्यांवर विसंबू नये. नंतर गणितास लागणारा काळ मोजून त्याहून किंचित मोठे पाऊल निश्चित करावे. मग विलंबाची भरपाई सूत्रात आणावी. ती नीट झाली की नाही हे भारांक शून्य ठेवून, केवळ प्रवाहाच्या तरंगावरून तपासावे. यानंतर भारांक शून्यापासून हळूहळू वाढवीत स्विचचे तापमान व प्रवाहाचा तरंग यांचा मेळ घालावा. इंडक्टन्स मुद्दाम कमी-अधिक धरून नियंत्रण कोठे डळमळते ते पाहावे. सर्वांत शेवटी बाहेरचा संथ फेरा जुळवावा : ढगाच्या सावलीत गती किती त्वरेने उतरावी, पाणी न चढणाऱ्या गतीस मोटर केव्हा थांबवावी आणि पुन्हा सुरू होण्यापूर्वी किती काळ थांबावे. आतला फेरा अस्थिर असताना बाहेरचा जुळविणे म्हणजे तारा सैल असताना तंबोऱ्याची जवारी काढीत बसण्यासारखे आहे.

७. समारोप

ज्या शेतकऱ्याच्या वाक्याने या लेखास आरंभ झाला, त्याच्या पेटीवर एक लहानसा पडदा होता. त्यात पुनःप्रारंभाचा काळ, किमान गती वगैरे बदलता येण्याजोगे आकडे होते. परंतु सारे इंग्रजीत, आणि तेही त्रोटक आद्याक्षरांत. तो आकडा कशाचा आहे, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. ‘दम टाकणे’ आणि ‘उठणे’ ही त्याची दोन क्रियापदे मात्र या यंत्राच्या दोन अवस्थांचे अचूक वर्णन करतात. परिभाषा घडविणाऱ्याने त्यांच्याकडे तुच्छतेने पाहू नये. डॉ. रघुवीरांनी नागपुरात संस्कृत धातूंवरून सहस्रावधी संज्ञा घडविल्या; १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने मराठी परिभाषाकोशांचे काम चालविले. त्या परिश्रमांचे मोल मोठे आहे. तथापि संज्ञा कोशात असून भागत नाही; ती पेटीवर उमटली पाहिजे आणि रिवाइंडिंगच्या दुकानात उच्चारली गेली पाहिजे.

अनुमानी नियंत्रणाचे सामर्थ्य त्याच्या सूत्रात आहे आणि त्याचे दौर्बल्यही तेथेच आहे. मोटर बदलली, पातळी उतरली, दाब घसरला, तर सूत्रास ते कळविणारे कोणीतरी हवे. तो कोणीतरी विहिरीच्या काठावरच असतो. यंत्राचे आकडे त्याच्या भाषेत वाचता येतील एवढी सोय करणे, हा भाषेच्या अभ्यासकांनी आपल्या वाट्याचा जुळवणीचा भाग मानावा, अशी माझी नम्र सूचना आहे.